चिठ्ठीवर नाव नको

प्रिय अहो,

हसू नका. काय म्हणून सुरुवात करावी या विचारात माझा चहा गार झाला. सव्वीस वर्षं तुम्हाला 'अहो' म्हणत आले, आता कागदावर दुसरं काही लिहिलं तर तुम्हाला वाटेल, दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आपल्या हातात पडलं. फोन का नाही केला, असं विचाराल. केला की! तीन आठवड्यांत अकरा वेळा केला. तुमचं आपलं 'हं', 'बरं' आणि 'ठेवतो'. मग मी चिडते, आणि जे सांगायला फोन केला ते सोडून भलतंच बोलते. त्यापेक्षा कागद बरा, मधे बोलत नाही. तेव्हा आता गुमान शेवटपर्यंत वाचा. चष्मा लावून वाचा, आणि वन्संना वाचायला देऊ नका, नाहीतर त्या फोन करून माझंच पत्र मला वाचून दाखवतील.

काल दुपारी वन्संचा फोन आला तेव्हा मी साइटवरच्या स्टोअरमध्ये हातमोज्यांचे जोड लावत होते. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी सगळं तपासलं, डोक्यात काही नाही, काळीज ठणठणीत आहे, जे काय आहे ते कानाच्या आत आहे आणि बरं होण्यासारखं आहे. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मटकन बसले ती हेल्मेटच्या खोक्यावरच. वन्सं पुढं मान वळवायच्या व्यायामाचं, गोळ्यांचं, दोन महिन्यांनी परत दाखवायचं असं काय काय सांगत होत्या, पण माझ्या डोक्यात 'बरं होण्यासारखं' एवढंच घुमत होतं. फोन ठेवला आणि ओक्साबोक्शी रडले. फाटकावरचे पहारेकरीकाका धावत आले, त्यांना वाटलं आपल्यात कुणी गेलं. मला बोलता येईना, मी नुसती मान हलवतेय, ते आणखीच घाबरले. शेवटी कसंबसं सांगितलं की कुणी गेलं नाही, आमच्या ह्यांचा कान बिघडलाय. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कान राहू दे, या बाईचं डोकं तपासायला हवं. मग बिचाऱ्यांनी चहा आणून दिला आणि उरलेल्या हातमोज्यांचे जोडही लावून दिले. त्यातले निम्मे चुकीचे लावलेत, ते आज सकाळी कळलं.

वन्संनी त्या तीन पायऱ्यांचंही सांगितलं. तुम्ही माझ्यापासून लपवलंत, पण तुमची बहीण तुमच्यासारखी घुमी नाही हे माझं नशीब. मागच्या दारानं धुण्याची बादली घेऊन उतरत होतात, घर गरकन फिरलं आणि तुम्ही तिन्ही पायऱ्या एकदमच उतरलात. कोपर सोललं, धुणं मातीत. लागलं फारसं नव्हतं, वन्सं म्हणाल्या, पण तुम्ही उठेचनात. तिथंच शेवटच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून राहिलात आणि मग म्हणालात, "ताई, मी नवव्या मजल्यावर परांचीवर असतो तर?" त्यानंतर कुठं तुम्ही डॉक्टरकडे जायला तयार झालात. ते वाक्य मी कालपासून किती वेळा मनाशी म्हटलं असेल, मोजदाद नाही. म्हटलं की मोकळं वाटतं, नऊ मजले नव्हते, तीनच पायऱ्या होत्या, आणि मग उगाचच भूक लागते. काल रात्री मी तुमच्या वाटचंही जेवले. कोपराला मलम लावताय ना?

आता तुम्ही म्हणाल, हिला एवढा आनंद झालाय तर दोन ओळी लिहून मोकळं व्हावं, ही गाडी चाललीय कुठं? सांगते. तुम्ही पिशवी भरून बहिणीकडे निघून गेलात, त्या सोमवारबद्दल आपण दोघं एक अक्षर बोललेलो नाही. ते बोलल्याशिवाय मला चैन पडायची नाही. आणि तो सोमवार नीट बोलायचा तर रंगाऱ्यापासून सुरुवात करायला हवी. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माहीत असलेल्या माणसासारखे तुम्ही वागत नाही आहात, म्हणून परत सांगते.

दोन वर्षांपूर्वी तो रंगारी दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. खुबा मोडला, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी सुरक्षा कार्यालयाचे लोक चौकशीला येणार म्हणून मुकादम धापा टाकत स्टोअरमध्ये आला आणि माझ्याकडून आदल्या तारखेची नोंद करून घेतली, की रंगाऱ्याला एक सेफ्टी बेल्ट दिला. दिलाच नव्हता. द्यायला होते कुठं? दहा माणसांमागे चार बेल्ट, त्यातल्या एकाची शिवण उसवलेली. पण मी लिहिलं. सगळेच तसं करत आले होते, आणि मला वाटलं, एका ओळीनं काय होतंय. त्या एका ओळीनं सगळा दोष त्या पडलेल्या माणसाच्या माथी गेला. बेल्ट असून लावला नाही, असं सगळ्या साइटवर झालं. घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत, नुसते ताटावरून उठलात. आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

तेव्हा आपली साइट कशी होती आठवतं ना? कार्यालयाची गाडी वळणावर दिसली की पहारेकरीकाका घंटा दोनदा वाजवायचे. दोन मिनिटांत हेल्मेट डोक्यावर, बेल्ट कमरेला, मोडक्या फळ्या ताडपत्रीखाली, आणि मुकादमाच्या तोंडावर असं हसू जसं काही मुलीला बघायला पाहुणे आलेत. गाडी गेली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बेल्ट माझ्याकडे परत यायचे ते घडीसुद्धा न मोडलेले, कमरेला नुसते लटकवलेले. मी कुणाला काही बोलायचे नाही. माझं काम द्यायचं आणि घ्यायचं.

मग कार्यालयात त्या नव्या बाई आल्या आणि त्यांनी राजीखुशीच्या कराराचं काढलं. कायद्याची सक्ती नाही, ज्यांना पटेल त्यांनी सही करायची, नाही पटलं तर केव्हाही बाहेर पडायचं. एका बाजूला मोठे साहेब आणि त्यांचे ठेकेदार, दुसऱ्या बाजूला कामगारांची संघटना, तिसऱ्या बाजूला कार्यालय. आपल्या साइटवरचे धोके आपणच शोधायचे, दर सोमवारी एकत्र बसून दूर करायचे, काही लपवायचं नाही. जे आपण होऊन सांगितलं आणि सुधारलं त्याच्यावर दंड नाही. आणि समितीत निम्मी माणसं हाताला सिमेंट लागलेली. मुकादम म्हणाला, हे म्हणजे मांजराला दुधाची राखण. तुमचे जोडीदार खांबभावजी म्हणाले, साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसायचं तर आधी पँट धुवावी लागेल. (तुम्हाला वाटेल, तुम्ही ज्यांच्यावर रागावलात त्यांचं नाव मी इतक्या सहज कशी लिहिते. लिहिणार. बुटक्या माणसाला 'खांब' म्हणायला तुम्हीच सुरुवात केलीत, मी नाही.) कुणाचाच विश्वास नव्हता हो. तुम्ही एकटे सगळ्यांच्या मागे लागलात. घरोघर गेलात, साहेबांकडे तीनदा गेलात. माझी ती खोटी नोंद तुमच्या मनात सलत होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही तोंडानं कधी म्हणाला नाहीत, ती गोष्ट निराळी.

सह्या झाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात आपण बाईंना चहाला बोलावलं, ते आठवलं की मला अजून हसू आवरत नाही. आपणच बोलावलं होतं! पण गाडी वळणावर दिसली आणि काकांच्या हातानं सवयीनं घंटा दोनदा वाजवली. झालं. सगळी साइट सैरावैरा. तुमच्यासकट. मुकादम मोडक्या फळ्यांवर ताडपत्री ओढतोय, गवंडी हेल्मेट शोधतोय, आणि साहेब फाटकात हार घालायला उभे असल्यासारखे हात पुढं करून थिजलेले. बाई गाडीतून उतरल्या, सगळीकडे एकदा पाहिलं, आणि सरळ जाऊन ताडपत्रीवर बसल्या. म्हणाल्या, इथूनच सुरू करू या. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी त्या फळ्या मोजल्या. एकवीस निघाल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं सरपण झालं.

पहिल्या बैठकीतच मी उभी राहिले आणि रंगाऱ्याच्या बेल्टचं खरं सांगून टाकलं. कुणी मला ओरडलं नाही. बाईंनी लिहून घेतलं, साहेबांनी खाली मान घालून ऐकलं, आणि त्या माणसावरचा ठपका निघाला. नव्वद नवे बेल्टही त्याच महिन्यात आले. घरी येताना तुम्ही वाटेत माझ्या हातातली पिशवी घेतलीत. सव्वीस वर्षांत पिशवी घ्यायची तुमची ही तिसरी वेळ, म्हणून लक्षात आहे.

आणि मग तुमची ती तक्रारीच्या चिठ्ठ्यांची पेटी. साहेबांचं म्हणणं, तक्रार करणाऱ्यानं खाली नाव लिहावं, नाहीतर लोक जुनी भांडणं काढतील. मुकादमाचंही तेच. तुम्ही विटांच्या थप्पीवर चढून सगळ्यांना सांगितलंत, नाव लिहायला लावलं तर पेटीत नुसती हवा भरेल. पोट ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध नावानिशी कोण लिहितो? एकाही चिठ्ठीवर नाव नको, आणि चिठ्ठी कुणाची हे कुणी शोधायचंही नाही. कुणाबद्दल चिठ्ठी आली तरी त्याचं काम जाणार नाही, हेही तुम्हीच घालायला लावलंत. दर सोमवारी पेटी उघडायची आणि समितीतल्या एकानं, आळीपाळीनं, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. काय एकेक चिठ्ठ्या आल्या! जिन्याच्या कठड्याची, उघड्या वायरची, खड्ड्यावर झाकण नसल्याची. मोठे साहेब हेल्मेट न घालता फिरतात, ही आली तेव्हा साहेबांनाच नव्या माणसांच्या शिकवणीत बसावं लागलं, पहिल्या बाकावर. आणि 'स्टोअरवाली बाई फार ओरडते' ही आली, तेव्हा हा काही धोका नव्हे असं समितीनं ठरवलं. त्या ठरावाला दोन मतं विरुद्ध पडली होती. त्यातलं एक तुमचं होतं, मला माहीत आहे.

मग तो सोमवार. वाचायची पाळी तुमची. मी नेहमीसारखी बेल्टचं रजिस्टर घेऊन दारात उभी. चार चिठ्ठ्या वाचल्यात, पाचवी उघडलीत आणि थांबलात. वाकडंतिकडं, शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाचं असावं तसं अक्षर. ती खिशात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. पण तुम्ही घसा खाकरलात आणि शेवटपर्यंत वाचलीत. "परांचीच्या मिस्त्रींना वर चक्कर येते. कुणाला सांगत नाहीत. पडायच्या आत त्यांना खाली उतरवा." तुम्ही बेल्ट सोडलात, टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "खरं आहे." अहो, मला तुमचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला तेवढा आपल्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता. आणि भीतीही तेवढीच वाटली. समितीनं सांगितलं, काम जाणार नाही, खाली राहून करा, आधी तपासून घ्या. तुम्ही हो म्हणालात. तिथंच थांबला असता तर किती बरं झालं असतं. पण बाहेर आलात आणि सगळ्या परांचीवाल्यांसमोर खांबभावजींना गाठलंत. "अठरा वर्षं एका फळीवर उभे राहिलो, मला तोंडावर सांगता आलं नाही तुला?" त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं, पुन्हा खाली घातली. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नियम तुमचाच होता, चिठ्ठी कुणाची हे शोधायचं नाही. तो पहिल्यांदा मोडला तोही तुम्हीच.

त्या रात्री तुम्ही पिशवी भरलीत. मी भांडी घासत राहिले. तुम्ही म्हणालात, ताईकडे जाऊन येतो, आणि मी म्हटलं, स्वेटर घ्या. बस्स.

तुम्ही गेल्यावर इकडं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. परांचीवाल्यांनी खांबभावजींना वाळीत टाकल्यासारखं केलं. चुगलखोर म्हणायचे. जेवायच्या सुट्टीत ते सिमेंटच्या पोत्यांमागे एकटेच डबा उघडायचे. मी हाक मारली तर म्हणायचे, वहिनी, इथं वारा चांगला येतो. पोत्यांमागे कुठला आलाय वारा! आणि पेटी पडली रिकामी. पुढच्या सोमवारी एक चिठ्ठी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी नाही. एवढ्या मोठ्या मिस्त्रींना चिठ्ठीनं घरी बसवलं, मग आपली काय कथा, असं जो तो म्हणायला लागला. दोन फळ्या सुटलेल्या सगळ्यांना दिसत होत्या, पण तोंडात मूग. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर पेटी काढून टाकू आणि करारही गुंडाळू, कागद रंगवायला आपल्याला वेळ नाही. बाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. मला झोप लागेना. रंगाऱ्याच्या वेळेसारखं पुन्हा सगळं सुरू होणार, बेल्ट पुन्हा घडी न मोडता परत येणार, आणि या वेळी खापर तुमच्या नावानं फुटणार.

या सोमवारी पेटी उघडली तर आत एक चिठ्ठी. मुकादमाची पाळी होती. त्यानं वाचलं, "माझ्या बेल्टचा आकडा नीट बसत नाही. महिनाभर तसाच वर जातोय. सांगायची लाज वाटली." आणि खाली नाव, खांब. मुकादम म्हणाला, अरे, नाव घालायचं नसतं. भावजी उठून उभे राहिले. त्यांना बैठकीत बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "मिस्त्री खाली उतरलाय, मेलेला नाही. तुम्ही घाबरता कशाला?" आणि बसले. एवढंच. पण आज गुरुवार, मी मघाशी पेटीच्या फटीतून डोकावले, ती निम्मी भरलीय. त्या दोन फळ्या मंगळवारीच बदलल्या. काल दुपारी परांचीवाल्यांपैकी दोघं पोत्यांमागे डबा घेऊन गेले. साहेब आता गुंडाळायचं नाव काढत नाहीत. बाईंनी काल दोन कप चहा घेतला, आणि मला विचारलं, मिस्त्री केव्हा येणार.

कारण तुमची खुर्ची तशीच ठेवलीय. मधे तिच्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवलं तर मुकादमानं ते उचलून मला आणून दिलं. समितीनं ठरवलंय की परांची बांधून झाली की तपासल्याशिवाय वर कुणी चढायचं नाही; तपासणाऱ्यानं हिरवं कार्ड लावलं तरच चढायचं. आणि तपासायला असा माणूस हवा की जो खालून नुसत्या डोळ्यानं सांगेल, कुठला पाइप ओळंब्यात नाही, कुठला टेकू पोकळ जमिनीवर बसलाय. असा माणूस आपल्याकडे एकच आहे आणि तो सध्या बहिणीच्या घरी धुणं सांडतोय. डॉक्टर वर चढू देतील तेव्हा देतील. तोवर हे काम काही कमीपणाचं नाही. नव्वद माणसं तुमच्या कार्डाशिवाय पाय उचलणार नाहीत, एवढा मान तुम्हाला वर असताना कुणी दिला होता?

आता ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? ती चिठ्ठी मी लिहिली. खांबभावजींनी नाही, मी. तुम्ही पहाटे पलंगाच्या काठावर भिंत धरून बसायचा, शर्टाची बटणं डोळे मिटून लावायचा, बुटाची नाडी बांधायला वाकलात की उंबऱ्याला हात टेकायचा, हे काय मला दिसत नव्हतं? तीनदा विचारलं, तीनदा 'ऊन लागलं' म्हणालात, आणि तिसऱ्यांदा वर म्हणालात, साइटवर कुणाला बोललीस तर बघ. रोज सकाळी मीच तुमच्या हातात बेल्ट द्यायचा आणि मीच तुम्हाला नवव्या मजल्यावर पाठवायचं, असं आणखी किती दिवस करणार होते? बैठकीत उघड बोलले असते, पण मग लोक म्हणाले असते, बायकोनं खाली उतरवला, आणि ते तुम्हाला सोसलं नसतं. म्हणून स्टोअरच्या खिडकीमागे बसून डाव्या हातानं लिहिली, तुम्ही माझं अक्षर ओळखू नये म्हणून. ते अक्षर नेमकं तिसरीत शाळा सोडलेल्या भावजींसारखं निघेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्ही त्यांना बोललात तेव्हा त्यांनी मान वर केली ना, ते माझ्याकडे पाहिलं होतं, आणि माझ्या तोंडावरूनच त्यांना सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी हातमोजे द्यायला आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, माझ्यावरच राहू दे. तुमच्यावर रागावला तर बिचारा जेवणार कुठं?" आणि मी राहू दिलं. रंगाऱ्याचं सगळ्या साइटसमोर कबूल केलं, पण तुमच्यापुढं तोंड उघडायचा धीर झाला नाही, आणि एका भल्या माणसाला माझ्यापायी तीन आठवडे पोत्यांमागे जेवू दिलं. डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं असतं तर कदाचित अजूनही धीर झाला नसता. काल ते 'बरं होण्यासारखं' ऐकलं आणि वाटलं, आता तुम्ही माझ्यावर हवं तेवढं रागवा, तुम्ही जिवंत आहात, रागवायला पुष्कळ वर्षं आहेत. समितीत मी सांगणार नाही, नियम तो नियम. तुम्हाला तेवढं सांगितलं. तेव्हा ऐका. शनिवारच्या गाडीनं या, पण सरळ घरी येऊ नका. आधी भावजींच्या दारात जा, माफी मागा, ते चहा देतील तो घ्या. मग घरी या आणि काय बोलायचं ते मला बोला, मी उलटून बोलणार नाही, निदान पहिला तासभर तरी. आणि एक सांगून ठेवते. पुन्हा असं काही माझ्यापासून लपवून वर चढलात तर मी पुन्हा चिठ्ठी टाकीन, या वेळी उजव्या हातानं, आणि खाली नाव घालीन.

तुमचीच